शेरलॉक: तार गेली, मोबाईल आला, पण अशील कुठं गेलं?

गोदाकाठ:
होम्सला आजच्या लंडनमध्ये आणणाऱ्या बीबीसीच्या 'शेरलॉक' मालिकेवर इथे आधीही धागे निघालेत, पण बहुतेक सगळे नायक कंबरबॅचच्या कोटाशी आणि गालाच्या हाडांशी येऊन थांबलेत. म्हणून हा वेगळा. स्पॉयलर आहेत. २०१७ साली संपलेल्या मालिकेचे स्पॉयलर दिले म्हणून कुणी गळा काढू नये.

आधी जे जमलंय ते. कॉनन डॉयलच्या 'द साइन ऑफ फोर'मध्ये वॉटसन आपलं खिशातलं घड्याळ होम्सच्या हातात देतो. किल्लीच्या भोकाभोवती ओरखडे दिसतात. म्हणजे रात्री किल्ली देणाऱ्याचा हात थरथरायचा, म्हणजे आधीचा मालक, वॉटसनचा थोरला भाऊ, दारुडा. मालिकेत घड्याळाचा मोबाईल झालाय आणि ओरखडे चार्जरच्या खाचेभोवती आहेत. मागे हॅरी वॉटसनचं नाव कोरलेलं. शेरलॉक सगळं बरोबर ओळखतो, फक्त हॅरी हा भाऊ नसून हॅरिएट नावाची बहीण निघते. मूळ गोष्ट पाठ असलेला वाचक डोळे झाकून 'भाऊ' म्हणणार, हे ठाऊक असूनच लावलेला सापळा आहे हा.

पहिल्या भेटीचंही तसंच. १८८७च्या कादंबरीत होम्स म्हणतो, तुम्ही अफगाणिस्तानात होतात. २०१० साली शेरलॉक विचारतो, अफगाणिस्तान की इराक? सव्वाशे वर्षांनी ब्रिटिश फौज पुन्हा तिथेच असावी, ही इतिहासाने लेखकांना दिलेली फुकटची भेट.

आणि ते एसएमएस! 'सोयीचं असेल तर लगेच ये. नसेल तरी ये' हा निरोप डॉयलने १९२३च्या 'द क्रीपिंग मॅन'मध्ये लिहिलाय. मालिकेत त्याचेच तुकडे मेसेज होऊन येतात, वर 'धोका असू शकतो' ही पुस्ती. बिचारा वॉटसन लंगडत लंडन ओलांडून येतो, तर साहेबांना फक्त त्याचा फोन हवा असतो. होम्सची तारेची भाषा मोबाईलच्या पडद्यावर जशीच्या तशी बसते, कारण डॉयलचा होम्स मुळात जुना नव्हताच. तार, रेल्वेचं वेळापत्रक, टाइपरायटर ही त्याच्या काळातली आधुनिक साधनं. आपण त्याच्याभोवती धुकं आणि बग्ग्या घालून त्याला संग्रहालयात बसवलं.

आता तक्रार. डॉयलच्या गोष्टी सुरू होतात त्या अशिलापासून. 'द स्पेकल्ड बँड'मध्ये हेलन स्टोनर भल्या पहाटे कुडकुडत येते. होम्स बघतो, तर जॅकेटच्या डाव्या बाहीवर चिखलाचे सात शिंतोडे आणि डाव्या हातमोज्यात परतीच्या तिकिटाचा तुकडा. ती थंडीने नव्हे, भीतीने थरथरतेय, हे आपल्याला कळतं आणि गोष्ट आपल्याला धरून ठेवते. 'अ केस ऑफ आयडेंटिटी'ची मेरी सदरलँड टायपिंग करून पोट भरते, वर न्यूझीलंडमधल्या काकाने ठेवलेले वर्षाला शंभर पौंड. ते पैसे घरात राहावेत म्हणून सावत्र बापच वेष बदलून तिचा प्रियकर होतो आणि ऐन लग्नाच्या दिवशी गायब होतो. मालिकेने याचं काय केलं? सावत्र बाप हाच ऑनलाइन बॉयफ्रेंड! इतकी चपखल कल्पना, आणि 'द एम्प्टी हर्स'मध्ये ती मिनिटभरात उरकली. पोरगी रडते, शेरलॉकची मैत्रीण मॉली सांत्वन करते, पुढचा सीन.

'अ स्कँडल इन बेल्ग्रेव्हिया' या एपिसोडमध्येही माणसं येऊन खुर्चीत बसतात आणि कंटाळवाणी म्हणून वाटेला लावली जातात. चौथ्या सीझनपर्यंत खुर्ची रिकामीच. उरते ती शेरलॉकची बहीण, शेरलॉकचं बालपण, शेरलॉकचा मित्र, शेरलॉकचा शत्रू. माझ्या मते मालिका घसरली ती इथे.

तुम्हाला काय वाटतं?

अर्धवट_पुणेकर:
धागा छान, निष्कर्ष चूक. (पुणेकर असल्याने सुरुवात इथूनच.)

मालिकेचे कर्ते मोफॅट आणि गॅटिस यांनी रहस्यमालिका करायची असं ठरवलंच नव्हतं. त्यांना एका माणसाची गोष्ट सांगायची होती, जो योगायोगाने डिटेक्टिव्ह आहे. त्यात मांडणीचीही भानगड आहे. आधी ६० मिनिटांचा पायलट झाला होता. बीबीसीने तो न दाखवता ९० मिनिटांचे तीन भाग मागितले आणि पहिला भाग नव्याने चित्रित झाला. आता मला सांगा, डॉयलची कथा म्हणजे वीस-पंचवीस पानं. टायपिंगवालीची फसवणूक ९० मिनिटं ताणली असती तर तुम्हीच इथे 'पाणी घातलंय' म्हणून धागा काढला असता. मधे दोन-दोन वर्षांचा खंड, हाताशी तीन भाग. दर भाग म्हणजे एक सिनेमाच. त्यात लहान अशील कुठं बसवणार?

गोदाकाठ:
@अर्धवट_पुणेकर, ९० मिनिटांचा मुद्दा मान्य. पण त्याच साच्यात 'द साइन ऑफ थ्री' बसवलाच की! लग्नात बेस्ट मॅनचं भाषण, आणि त्या भाषणातच दोन अर्धवट केसेस एकमेकींत गुंतत जातात. त्यातला तो शिपाई आठवा. गणवेशाचा पट्टा इतका घट्ट, की त्यातून बारीक पातं आत गेलेलं कळतही नाही. पट्टा सोडला की रक्त वाहू लागतं. ही शुद्ध डॉयल जातीची युक्ती. आणि तो शिपाई मदत मागायला आलेला अशील होता, हेही लक्षात घ्या.

रातकिडा:
पट्ट्याच्या सीनला अनुमोदन. मी तर नंतर कमरेचा पट्टा एक भोक सैल केला.

तंत्राबद्दल दोन शब्द. पहिल्या भागातली ती पत्रकार परिषद आठवते का? पोलीस इन्स्पेक्टर लेस्ट्रेड काहीतरी सांगतो आणि खोलीतल्या सगळ्यांचे फोन एकदम वाजतात: 'चूक!' तो शब्द प्रत्येकाच्या डोक्याजवळ हवेत तरंगतो. त्याआधी सिनेमात कुणाला मेसेज आला की फोनचा क्लोजअप, मग चेहऱ्याचा क्लोजअप, असली टेनिस मॅच चालायची. दिग्दर्शक पॉल मॅकगिगनने मजकूर थेट चौकटीत आणला. चेहरा आणि मेसेज एकत्र. मग तीच तऱ्हा शेरलॉकच्या निरीक्षणाला लावली: अंगठी आतून चकचकीत, बाहेरून मळकी, म्हणजे बाई ती वरचेवर काढते. वाचताना वॉटसन जे सांगायचा ते इथे अक्षरं सांगतात. आज दर दुसऱ्या वेबसिरीजमध्ये हे असतं, तेव्हा क्वचितच दिसायचं.

ओसरी:
गोदाकाठ, तुमचं म्हणणं मला पटतंय, पण तुम्ही अर्ध्यावर थांबलात. नुसतं अशील नाही गेलं. सगळ्यांच्या वाट्याचं शेरलॉकच्या ताटात वाढलंय, आणि त्यातही जास्तकरून बायकांच्या वाट्याचं.

आयरीन ॲडलर घ्या. १८९१च्या कथेत ती होम्सला सरळ हरवते. वॉटसनने धुराचा गोळा टाकायचा, 'आग आग' ओरडा करायचा, की ती बोहेमियाच्या राजाला अडचणीत आणणारा फोटो लपवलेल्या जागेकडे धावेल, हा होम्सचा डाव यशस्वी होतो खरा, पण तिला लगेच कळतं. पुरुषाच्या वेशात होम्सच्या मागोमाग बेकर स्ट्रीटपर्यंत येऊन, त्याच्याच दारात त्याला नावाने 'गुड नाइट' म्हणून ती निघून जाते. दुसऱ्या दिवशी घर रिकामं. मालिकेत काय? फोनचा पासवर्ड म्हणून शेरलॉकचंच नाव, म्हणजे बाई प्रेमात पडली म्हणून हरली, आणि शेवटी कराचीत तिचं मुंडकं उडायच्या वेळी वाचवायला पुन्हा हाच. १२० वर्षांनी नवी केलेली बाई जुन्या बाईपेक्षा दुबळी!

दुसरं उदाहरण याहून बोचरं. ब्लॅकमेलर मिल्व्हर्टनची १९०४ची कथा. होम्स आणि वॉटसन चोर म्हणून घरात शिरलेत, पडद्याआड लपलेत. एवढ्यात त्याने जिचा संसार उद्ध्वस्त केलाय ती बाई येते, त्याच्यावर गोळ्या झाडते आणि बुटाची टाच त्याच्या तोंडावर घासते. होम्स वॉटसनला हाताने रोखून धरतो. मग तिजोरीतली सगळी पत्रं शेकोटीत. दुसऱ्या दिवशी लेस्ट्रेड मदत मागतो तर म्हणतो, माझी सहानुभूती गुन्हेगाराकडे आहे. काय ताकदीचा प्रसंग आहे! मालिकेत मिल्व्हर्टनचा मॅग्नुसन झालाय, आणि त्याला गोळी घालतो शेरलॉक. मग त्याला शिक्षा, मग त्याची दूर रवानगी, मग त्याचीच परत बोलावणी. त्या बाईची गोष्टच गायब.

(मॅग्नुसन करणारा लार्स मिकेलसन मात्र अंगावर काटा आणतो. तो वॉटसनच्या चेहऱ्यावर टिचक्या मारतो ते बघवत नाही.)

पिंपळपान:
ओसरी, दंडवत घ्या. वाचनखूण साठवली.

जुनं_खोड:
मुलांनो, भांडा खुशाल, पण एक सांगतो. होम्सला आजच्या काळात आणायची कल्पना काही २०१०ची नव्हे. बॅसिल रॅथबोनचे १४ सिनेमे १९३९ ते १९४६ या काळातले. पहिले दोन व्हिक्टोरियन, पुढचे बारा चक्क दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास. होम्स मोटारीतून फिरतो आणि नाझींच्या हेरांच्या मागे लागतो. मोफॅट-गॅटिस जोडगोळीला हे सिनेमे आवडायचे, ते त्यांनी कधी लपवलेलं नाही.

आम्ही होम्स वाचला तो भालबा केळकरांच्या मराठीतून, बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड यांच्या जोडीला. नंतर पडद्यावर जेरेमी ब्रेट बघितला आणि विषय संपला. ग्रॅनडाची मालिका, १९८४ ते १९९४, ४१ भाग. त्यात अशिलाला पूर्ण वेळ आहे. अशील बोलत असताना ब्रेट डोळे मिटून, बोटं जुळवून ऐकतो, आणि एखाद्या शब्दाला पापणी हलते. तुमचा कंबरबॅच ऐकतच नाही, बोलतच सुटतो.

अर्धवट_पुणेकर:
काका, ब्रेट ग्रेटच. पण तो होम्स जपून ठेवणं झालं, नवा करणं नव्हे. धाग्याचा विषय दुसरा आहे.

जुनं_खोड:
विषय अशिलाचा आहे. नीट वाचा.

स्टेथो:
कुणीच 'हाऊस' या डॉक्टरी मालिकेचं नाव घेत नाहीये? २००४ ते २०१२. हाऊस म्हणजे होम्स, विल्सन म्हणजे वॉटसन, घराच्या दारावर होम्सच्या पत्त्यातलेच २२१ आणि बी, होम्सच्या कोकेनऐवजी व्हायकोडिन ही वेदनाशामक गोळी. आणि गोदाकाठ यांना हवं असलेलं अशील तिथे दर भागात खाटेवर पडलेलं असतं! भाग सुरू होतो तो पेशंटपासून. कुणीतरी कोसळतं, मग टायटल. 'सगळे खोटं बोलतात' हे हाऊसचं पालुपद म्हणजे डिटेक्टिव्हचीच वृत्ती. घरात चोरून शिरून औषधांची कपाटं तपासणारी त्याची टीम म्हणजे होम्ससाठी बातम्या काढणारी बेकर स्ट्रीटची पोरं. वैद्यकीय बाजूने त्यातलं निम्मं अचाट आहे, आमच्याकडे कुणी असं वागलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसेल. पण रचना मात्र डॉयलची. नाहीतरी होम्स बेतला होता तो एडिंबरोच्या डॉ. जोसेफ बेल या सर्जनवर. गाडी फिरून मूळ स्टेशनात आली.

गोदाकाठ:
@स्टेथो, व्वा! हे डोक्यातच आलं नव्हतं, आणि माझ्याच बाजूने आहे, म्हणून डबल आभार. 'एलिमेंटरी' या अमेरिकन होम्स मालिकेलाही हेच लागू. न्यूयॉर्क, जॉनी ली मिलरचा होम्स, ल्युसी ल्यूची जोन वॉटसन, सात सीझनमध्ये १५४ भाग. चकचकाट कमी, पण दर आठवड्याला दारात नवी केस. तिथली वॉटसन हळूहळू स्वतः डिटेक्टिव्ह होते, हे मला बीबीसीच्या सगळ्या करामतींपेक्षा धाडसी वाटतं. गंमत म्हणजे २०११ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये 'फ्रँकेन्स्टाइन' नाटकात जॉनी ली मिलर आणि कंबरबॅच आलटून पालटून डॉक्टर आणि राक्षस करायचे. पुढे दोघंही होम्स.

काळा_कोट:
इतक्या जणांना एकदम होम्स कसा करता येतो, असं कुणीतरी विचारेलच, म्हणून आधीच टंकतो. डॉयल वारला १९३० साली. ब्रिटनमध्ये मृत्यूनंतर ७० वर्षं, म्हणजे २००० संपताना हक्क संपले. बीबीसीला रान मोकळं. अमेरिकेत मात्र शेवटच्या काही कथांचे हक्क १ जानेवारी २०२३ पर्यंत शिल्लक होते. तिथल्या अपील कोर्टाने २०१४ साली सांगितलं की आधीच्या कथांमधला होम्स सगळ्यांचा, उरलेल्या कथांमध्ये जे नवीन आलं तेवढंच राखीव. मग वारसांच्या संस्थेने २०२० साली 'एनोला होम्स' या सिनेमावर दावा ठोकला. म्हणणं काय, तर प्रेमळ, हळवा होम्स हा उशिराच्या कथांमधला आहे, सबब तो आमचा! म्हणजे तुसडा होम्स फुकट, मायाळू होम्सचे पैसे पडतील. प्रकरण पुढे मिटलं, पण कल्पनेला दाद द्यायला हवी.

थेम्सपार:
लंडनहून. फिरायला येणाऱ्यांसाठी: मालिकेतलं २२१बीचं दार बेकर स्ट्रीटवर नाहीच, ते नॉर्थ गॉवर स्ट्रीटवर, यूस्टन स्टेशनच्या जवळ. खाली स्पीडीज नावाचं कॅफे, मालिकेत दिसतं तेच. बेकर स्ट्रीटवरच्या संग्रहालयाला नंबर २२१बी दिलाय, पण ते उभं आहे २३७ आणि २४१ यांच्या मधे. खोटं घर खऱ्या रस्त्यावर आणि खोट्या घराचं खोटं दार दुसऱ्याच रस्त्यावर.

अवांतर: मिसेस हडसन करणाऱ्या उना स्टब्स २०२१ साली गेल्या. 'मी मोलकरीण नाही, घरमालकीण आहे' म्हणत चहा आणून देणारी ही बाई बऱ्याचदा एकटीच माणसात असायची.

ओसरी:
+१. तिची गाडी हाणतानाचा सीन म्हणजे चौथ्या सीझनमधली एकमेव धमाल.

कोकणकडा:
एक खटकलेली गोष्ट. जुनं ते नव्यात आणताना काय टाकून द्यायचं, याचाही विचार हवा. मालिकेच्या 'द ब्लाइंड बँकर' भागातले चिनी लोक बघा. तस्करी, सर्कस, कागदी फुलं, गूढ चिन्हं, सगळा बाजार. 'द साइन ऑफ फोर'मधला अंदमानचा टोंगा डॉयलने जनावरासारखा रंगवलाय, पण ते १८९० होतं. २०१० साली लंडनमध्ये बसून तीच नजर कशाला?

आणि आपला धागा मुंबईपर्यंत पोचतो, हे कुणी सांगितलं नाही. लष्करी डॉक्टर असलेला वॉटसन हिंदुस्थानात उतरला तो मुंबई बंदरात. तिथे त्याला कळलं की पलटण खिंडी ओलांडून पुढे गेली. मग कंदाहार, मग मैवंदची लढाई, २७ जुलै १८८०, खांद्यात गोळी. (पुढच्या कादंबरीत जखम पायात सरकली. डॉयल असल्या गोष्टी तपासत बसायचा नाही. मालिकेने त्यावरही तोडगा काढला: गोळी खांद्यात, लंगडणं मनात.) त्या लढाईत बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स या मुंबई सैन्याच्या पलटणी होत्या आणि त्यांची माणसं मोठ्या संख्येने पडली. वॉटसनला घोड्यावर टाकून वाचवणारा त्याचा अर्दली मरे सगळ्यांना आठवतो, ही माणसं कुणालाच नाही.

रातकिडा:
बाकी शेरलॉकने गच्चीवरून पडून मेल्याचं केलेलं नाटक हा विषय कुणी काढत नाही म्हणजे सगळे दमलेत. दोन वर्षं बार्ट्स हॉस्पिटलच्या गच्चीचे नकाशे काढून लोकांनी थिअऱ्या मांडल्या, आणि मालिकेने त्या लोकांचीच टिंगल केली. बगलेत चेंडू दाबून नाडी बंद, खाली हवेची गादी, वगैरे. खरं उत्तर हेच का, तेही पक्कं सांगत नाहीत. डॉयलने १८९३ साली मारलेला माणूस १९०३ साली दोन पानांत परत आणला: पडलोच नव्हतो, झालं. तरी वाचक खूश!

अर्धवट_पुणेकर:
असो. टीका पुष्कळ झाली. आता करून दाखवा. अशिलापासून सुरू होणारी, २०२०नंतरची एक गोष्ट सांगा. आहे हिंमत?

ओसरी:
'द रेड-हेडेड लीग' जशीच्या तशी. लाल केसांच्या सावकाराला आठवड्याला चार पौंडांवर विश्वकोश उतरवून काढायची नोकरी मिळते, दहा ते दोन, जागेवरून उठायचं नाही. आज: घरबसल्या काम, रोज चार तास कॅमेरा चालू ठेवून कसलीतरी माहिती भरायची, पैसे वेळेवर खात्यात जमा. आणि एक दिवस कंपनीची साइटच गायब. पोलिसांकडे गेला तर म्हणतील, तुमचे पैसे गेले का? नाही ना? मग तक्रार कसली? असा माणूस कुणाकडे जाईल?

गोदाकाठ:
झकास! आणि भुयार खोदून बँकेत शिरणं जुनाट वाटेल असं कुणी म्हणू नये. १९७१ साली खुद्द बेकर स्ट्रीटवर चामड्याच्या वस्तूंच्या दुकानातून भुयार खणून बँक लुटली होती. आणि लांब कशाला, २०१७ साली आपल्या नवी मुंबईत, जुईनगरला, जवळचा गाळा भाड्याने घेऊन चोर खालून बँकेच्या लॉकरपर्यंत पोचले होते.

स्टेथो:
पण दुकानातल्या नोकराचं काय? मूळ कथेत खरी ग्यानबाची मेख तो आहे. अर्ध्या पगारावर, काम शिकायचंय म्हणून राहतो, फोटोग्राफीच्या नावाखाली सारखा तळघरात, आणि पँटचे गुडघे मळलेले. होम्स पत्ता विचारायच्या मिषाने दार वाजवतो ते फक्त गुडघे बघायला.

ओसरी:
सोपं आहे. बिनपगारी इंटर्न.

अर्धवट_पुणेकर:
आमच्याकडे दोन आहेत. दोघंही सारखे सर्व्हर रूममध्ये जाऊन बसतात. उद्या आधी गुडघे बघतो.